हळदीचं बोट

"बाई, दोन घास खाऊन घ्या न. टेबल काही पळून नाही जात."

वहिनी दारातून बोलली. दारात म्हणजे दारावर टांगलेल्या ओल्या लुगड्याच्या पलीकडून. मी नुसतं "हं" म्हटलं आणि गुडघ्यावर बसून टेबलाच्या कडेला डोळा टेकवला. आठ फूट लांब, साडेतीन फूट रुंद सागवान. खिडकीतून आडवा उजेड त्याच्यावर लोळत होता. आडव्या उजेडात लाकूड काही लपवत नाही. एक तंतू असला तरी दिसतो, सावलीसकट.

"काय दिसून राहिलं?"

"काहीच नाही."

"मग चांगलं हाय की."

"म्हणून तर भीती वाटते, वहिनी."

तो रविवार होता, आणि रविवारी जिनिंग बंद असायचं.

आमचं घर, घरामागे दादाचा सुतारकामाचा कारखाना, आणि कारखान्याच्या भिंतीला लागून कापसाचं जिनिंग. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथली यंत्रं धडधडायची आणि सुटलेली रुई साऱ्या गावावर उतरायची. चहात रुई, पापणीवर रुई. लहान लेकरांच्या जावळात ती अशी बसायची की वाटावं, लेकरू म्हातारं होऊनच जन्माला आलं. आणि ओल्या वॉर्निशवर बसली तर संपलंच. तिथेच रुतायची, वाळायची आणि बोटाखाली कायमची खुपायची.

आठवड्यातला तो एक दिवस हवा आमची होती. सोमवारी सकाळी आठला भोंगा व्हायचा आणि पुन्हा सगळं पांढरं.

टेबल आगलावे मॅडमचं. मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. वडिलांच्या घराची सागवानी दारं त्यांनी जेवणाचं टेबल करायला आमच्याकडे आणून टाकली होती. दादानं जोडणी सुरेख केली, पण पॉलिशसाठी नागपूरहून आणलेल्या मिस्त्रीला इथली हवा कळली नाही. आठ दिवसांपूर्वी मॅडम बघायला आल्या, पर्समधून रेशमी रुमाल काढला, टेबलावर पसरला आणि एका बोटानं ओढत नेला. रुमाल तीनदा अडकला.

"वासुदेव, हे पॉलिश आहे की दाढी न केलेली हनुवटी?"

मिस्त्री तिथेच भडकला. "तुमच्या गावात कापूसच पिकवा बाप्पा, फर्निचर कायले करता!" म्हणाला, आणि दुपारच्या गाडीनं गेलाही.

मॅडमनी मग खाली वाकून टेबलाच्या पायावरून हात फिरवला. तिथे वॉर्निश अजून लागलं नव्हतं, नुसतं घासलेलं लाकूड होतं.

"हे कोणी घासलं?"

"माझी बहीण हाय न, द्वारका. तिनं."

"इथे लोणी आहे." त्या माझ्याकडे वळल्या. "जिच्या बोटाला खडा कळतो तिनंच शेवटचा हात मारावा. पुढच्या सोमवारी सातला येईन, भोंग्याच्या आधी. रुमाल अडकला नाही तर शाळेची बावीस कपाटं हिच्याकडे. हिच्याकडे म्हणतेय मी, वासुदेव. तुझ्याकडे नाही."

दोन दिवसांनी पुलगावहून पोस्टकार्ड आलं. रविवारी सुनेला न्यायला येतो. खाली मामाजींची, माझ्या सासऱ्यांची, सही.

मी अडीच वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. लेकरू अकरा दिवस जगलं. सासरहून दोन ओळींचं पत्र आलं, माणूस आलं नाही. पुढे सण आले, गेले. पहिल्या दिवाळीला मी पिशवी भरून ठेवली होती. दुसऱ्या दिवाळीला भरली नाही. आणि आता सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा त्यांना आठवलं की आपल्याला सूनही आहे.

दादा कार्ड हातात धरून कितीतरी वेळ रंध्याशी चाळा करत बसला.

"ते रविवारी येतीन आन् मॅडम सोमवारी," तो म्हणाला. "एक दिवस उलटा असता तर मी बोललो असतो. माणसाच्या हातात काही असलं का तोंड उघडता येते."

"आणि नसलं तर?"

"लोक म्हणतीन, भावानं बहिणीले फुकट घासकामाले ठेवली."

तेव्हा सगळं त्या टेबलावर येऊन थांबलं होतं.

आठ दिवस मी जुने थर घासून काढले. रविवारी पहाटे जमिनीवर पाणी शिंपडलं. माझी दोन लुगडी भिजवून दारा-खिडकीला टांगली. केस ओल्या फडक्यात बांधले. वॉर्निशचा डबा तासभर अंगणात उन्हाला ठेवला, कारण थंड वॉर्निश ब्रशला ओढतं आणि रेघा सोडतं. मग आईच्या जुन्या मलमलीतून गाळलं, आणि उभी राहिले.

शेवटचा हात मारताना एक गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. ती माझी मीच शोधली होती, टाकाऊ फळ्यांवर, दादा जेवायला गेला की. ब्रश या टोकाकडून त्या टोकाकडे एकाच चालीनं गेला पाहिजे. घाई झाली तर फेस येतो, रेंगाळलं तर ओघळ. ओल्यावरून परत फिरायचं नाही आणि अर्ध्यात थांबायचं तर नाहीच. थांबलं तिथे रेघ पडते, आणि ती रेघ मग कुणाच्या बापाला पुसता येत नाही. ही चाल मला आईच्या जात्यात सापडली. आई दळताना ओवी म्हणायची, तिची एक ओवी संपेपर्यंत आठ फूट बरोबर होतात. चौदा पट्टे, चौदा ओव्या. आईच्या आठवत नव्हत्या तिथे मी माझ्या जोडल्या.

*माझ्या माहेराच्या दारा*
*नको येऊ येड्या वारा*
*ओला गं पाट सारा*
*सुकू दे ना*

नऊ वाजता चौदावा पट्टा संपला. टेबलात खिडकी दिसत होती. खिडकीतलं लिंबाचं झाड दिसत होतं, आणि वाकले तर मी.

अकराच्या सुमाराला ते आले. मामाजी आणि हे. प्रल्हाद त्यांचं नाव, पण नाव मी कधी घेतलं नव्हतं. मी पाया पडले, पाणी दिलं, चहा ठेवला. हे भिंतीला टेकून बसले आणि चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. अडीच वर्षांत केस विरळ झाले होते. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा रागही आला.

"पोरगी बरी दिसते," मामाजी दादाला म्हणाले. "खाऊन-पिऊन हाय. चारच्या गाडीनं नेतो."

"एवढ्या लवकर कसं म्हणता मामाजी? उद्या सकाळी..."

"उद्या काय हाय?"

दादानं घसा साफ केला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड बशी पुसत होते, एकच बशी, गोल गोल. बोल दादा. म्हण, माझी बहीण जाणार नाही.

"उद्या एक मॅडम येणार हाय. टेबल पाहाले."

मामाजी हसले. "टेबल पाह्याले सून कायले लागते बाप्पा? टेबलाले पाय हाय, ते उभं राहीन. तिकडे बुढी पडून हाय. पाणी पाजाले घरात बाईमाणूस नाही."

वहिनी वाढत होती. ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "अडीच वर्ष बुढी पाणी प्यायली नाही वाटते."

"काय म्हणता?"

"भाजी वाढू का, म्हटलं."

यांच्या मिशीत हसू आल्यासारखं झालं. मग विझलं.

जेवणं झाली. दादा मागे कारखान्याच्या दाराशी माझ्यापाशी आला. लुगड्याच्या ओल्या काठाला हात लावून उभा राहिला.

"द्वारके, मले नाही जमलं."

"पाहिलं मी."

"गाडी चारची हाय."

मी त्याच्याकडे पाहिलं. दादा वाईट नव्हता. सागवान केवढंही कठीण असो, त्याला वाकवायचा. माणसासमोर मात्र स्वतः वाकायचा. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्यातलंही काहीतरी सैल झालं. टेबल तर झालं होतं. मला येतं, हे मला कळलं होतं. उद्या मॅडमचा रुमाल न अडकता सरकेल, तेव्हा मी तिथे असले काय नि नसले काय, असं मी स्वतःला समजावलं. आत गेले. पिशवी काढली. दोन लुगडी, कंगवा, लेकराचं एक झबलं. वहिनी चुलीपाशी बसून हे सगळं पाहत होती.

एका चुलीवर अडीच वर्षं दोन बायका. मिठाच्या चिमटीवरून आमची कित्येकदा धुसफूस झालेली. मला वाटलं, तिला बरंच वाटत असेल.

पिशवी भरून झाली, पण जीव ठिकाणावर नव्हता. मी अंगणात गेले, परत आले. दोरीवरचं कापड काढलं, परत टाकलं. विहिरीवर जाऊन आले. शेवटी म्हटलं, निघायच्या आधी एकदा पाहून घ्यावं. लुगडं बाजूला करून आत शिरले.

टेबलाच्या मधोमध हळदीचं बोट. शेजारी कुंकवाचं. चार दाणे तांदूळ. बोटं नुसती टेकवलेली नव्हती, दाबलेली होती. ओल्या वॉर्निशमध्ये दोन खळगे, आणि खळग्यांच्या कडेला सुरकुत्या.

वहिनी पलीकडच्या बाजूला उभी होती. हातात करंडा.

"वहिनी!"

"नवी वस्तू हाय न, बाई. बिनपूजेची कशी देता? आपल्यात देत नाही."

"ओलं आहे ते! आठ दिवस मी सांगतेय, बोट लावू नका, पदर लागू देऊ नका, जोरानं बोलूसुद्धा नका. आणि तू..."

"वाळलं वाटलं मले."

"वाळलं वाटलं? चमकतंय ते! तुला मी घरात नको होते तर तोंडानं सांगायचं होतंस. हा कसला सूड?"

मी आणखीही बोलले. ते इथे लिहिणार नाही. वहिनीचा चेहरा लाकडासारखा झाला. ती ऐकत राहिली आणि एकदाही मान वर केली नाही.

आवाज ऐकून दादा आला. मागून मामाजी. लुगड्याखालून वाकून त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

"घ्या. लक्ष्मीनंच बोट लावलं. हे काम इथंच थांबवा आन् सुनेले मोकळं करा, असाच याचा अर्थ. चाल बेटा, पिशवी घे."

किती वाजले होते ते दादाच्या घड्याळात दिसलं. दीड. डोक्यात एकच गोष्ट वेगानं फिरू लागली. वॉर्निश अजून कच्चं आहे, टर्पेंटाइननं निघेल. आज काढलं आणि आजच परत मारलं तर रात्रभर मिळेल, आणि जिनिंगचा भोंगा उद्या आठला. आज नाही तर पुढचा रविवार. पुढच्या रविवारी मी इथे नसेन.

"दादा, टर्पेंटाइन."

"द्वारके, गाडी..."

"टर्पेंटाइन कुठे आहे?"

वहिनीनं बाटली पुढे केली. दुसऱ्या हातात चिंध्या होत्या, स्वच्छ, घडी घातलेल्या. मी तिच्याकडे न बघता हिसकावून घेतल्या.

सगळा थर पुसून काढायला तास गेला. हात जळत होते. वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं, निदान सगळ्यांना मी तसं सांगितलं. कुंकू निघालं. हळद खाली लाकडात जराशी उतरली होती. नाण्याएवढी पिवळी सावली राहिली. ती घासत बसायला वेळ नव्हता. परत जमिनीवर पाणी, परत ओली लुगडी. मलमल धुतलेली, वाळलेली, दोरीवरच होती. डबा तुळशीपाशी उन्हात होता. झाकण उघडलं तर वॉर्निश कोमट. गाळलं, ब्रश बुडवला.

मी सहाव्या पट्ट्यावर असताना बाहेर चपला वाजल्या.

"तीन वाजून गेले," मामाजींचा आवाज. "सून येते का नाही?"

मी ओवीत होते. ओवी तोडता येत नव्हती.

"द्वारका!" दादाचा आवाज, कापरा.

सातवा. आठवा. लुगड्याच्या पलीकडे कुणीतरी उभं राहिलं. ओल्या कापडातून माणसाची सावली दिसते, चेहरा दिसत नाही. पण उभं राहण्याची ती पद्धत मला ओळखीची होती, एका पायावर भार देऊन.

"येते का?" यांनी विचारलं. हळू. अडीच वर्षांत माझ्याशी बोललेले पहिले दोन शब्द.

माझा ब्रश फळीच्या मध्यावर होता. त्या आवाजात असं काहीतरी होतं की तसं त्यांनी पहिल्या दिवाळीला बोलावलं असतं तर कदाचित मी धावत गेले असते. हात जराही न थांबवता मी ओवीच्याच चालीत म्हटलं,

"हात ओला आहे माझा. मधेच सोडला तर रेघ पडते."

"किती राहिलं?"

"सहा पट्टे. मग उद्यापर्यंत वाळेल. मग कपाटं आहेत बावीस."

मग मामाजी करवादले, "बाईच्या पाया पडून राहिला का तू? ओढ तिले बाहेर!"

"आत ओलं हाय, बाबा," हे म्हणाले. "पाय ठेवला का धूळ उडते. चाला. गाडी जाईन."

सावली हलली. चपलांचा आवाज दूर गेला. आणि मग दादाचा आवाज आला, रस्त्याच्या टोकाकडून, मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. "मामाजी, माझ्या बहिणीले काम हाय! ती नाही येणार!" ते आधीच निघून गेले होते, पण दादा बोलला. मला तेवढंही खूप होतं.

चौदावा पट्टा संपला तेव्हा मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसले. टेबलात परत लिंबाचं झाड आलं होतं.

सोमवारी मॅडम पावणेसातलाच आल्या. रुमाल पसरला, बोटानं ओढला. रेशीम पाण्यावरून गेल्यासारखं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. मधल्या पिवळ्या सावलीवर त्यांनी बोट टेकवलं.

"हे काय?"

"हळद आहे, मॅडम. काढते मी, एक आठवडा..."

त्यांनी डोळे मिटून तिथे तीनदा बोट फिरवलं. "हाताला लागत नाही. राहू दे. माझ्या आईनं पुजलेली दारं आहेत ही, त्यांना हळद काही नवी नाही."

आठला भोंगा वाजला.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. शाळेच्या बावीस कपाटांनंतर दवाखान्याचं काम आलं, मग लोक घरचं घेऊन यायला लागले. यांनी पुढे रीतसर सोडचिठ्ठी घेतली आणि दुसरं लग्न केलं. सासूबाई गेल्या तेव्हा मी जाऊन आले. दादा गेला. कारखान्यात आता माझ्या हाताखाली चार बायका काम करतात. वहिनीचे गुडघे दुखतात, म्हणून ती सकाळी अंगणात उन्हाला बसते आणि सगळ्यांच्या कामाला नावं ठेवते. त्या दिवशी बोलले त्याबद्दल मी तिची माफी मागितली होती, कधीचीच. "नवी वस्तू होती, माझं चुकलं," एवढंच ती म्हणाली होती, आणि तो विषय तिथेच मिटला होता.

गेल्या माघात नवी आलेली प्रतिभा डबा घेऊन अंगणात उभी राहिली. "ताई, हा किती वेळ उन्हात ठेवू?"

"तास तरी ठेव. बोटाला कोमट लागला पाहिजे."

बोलले आणि माझा हात पॉलिश पेपरवर थांबला.

त्या रविवारी सकाळी नऊला पहिला हात झाला तेव्हा झाकण लावून डबा मीच फळीखाली, सावलीत सारला होता. मलमल वॉर्निशनं चिकट होऊन तिथेच पडली होती. दुपारी डबा तुळशीपाशी कसा होता? कोमट कसा? मलमल धुऊन वाळली कधी? आणि तिच्या हातातल्या त्या घडी घातलेल्या चिंध्या?

मी वळले. वहिनी गुडघ्याला तेल चोळत होती.

"वहिनी. त्या दिवशी तुला टेबल वाळलं वाटलंच नव्हतं."

तिनं मान वर केली नाही. "सव्वीस वर्षं लागली तुम्हाले? मले वाटलं तुमच्या बोटाले खडा लवकर समजते."

"का केलंस?"

"झालं होतं न तुमचं टेबल. पिशवी भरून बसल्या होत्या. झालेलं काम सोडून तुम्ही गेल्या असत्या, बाई. बिघडलेलं टाकून तुमच्यानं जाववलं असतं काय?"

"मला सांगायचं तरी. मी तुला काय काय बोलले."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं? तुम्ही, का तुमच्या दादानं?" तिनं तेलाच्या बाटलीला बूच लावलं. भिंतीपलीकडे जिनिंग धडधडत होतं, तिच्या पांढऱ्या केसांवर रुई बसत होती आणि केस कुठले, रुई कुठली, ते कळत नव्हतं.

"पण जर मला परत तसं जमलं नसतं तर?" मी विचारलं. "हळदीनंतर मी रडतच बसले असते तर?"

वहिनीनं प्रतिभाच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हळद मागून लावली," ती म्हणाली. "आधी डबा उन्हात ठेवला."